घरनावाचा रकाना

मला राग लवकर येतो आणि आनंद त्याहून लवकर. त्यामुळे स्वप्नाने ती सीडी माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा समोर चारजण पुस्तकं बदलायला उभे होते, तरी मी उठून तिला मिठी मारली. रांगेतल्यांना वाटलं, बाईंना लॉटरी लागली. एकाने तसं विचारलंही. मी त्याला म्हटलं, "लॉटरी लागली असती तर तुमची पुस्तकं कोणी बदलली असती?"

ही गोष्ट २००६च्या जानेवारीतली. पापडीच्या वाचनालयात मी नऊ वर्षं ग्रंथपाल होते. राहायला विरारला, फुलपाड्यात. स्वप्ना आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि अंधेरीच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. तिची आई माझ्याकडून दर आठवड्याला दोन कादंबऱ्या घेऊन जायची, तेवढीच काय ती आमची ओळख. पण वर्षभरापूर्वी वाचनालयाला एका सभासदाने कंप्युटर दिला आणि ही ओळख एकदम घट्ट झाली. कारण तो कंप्युटर चालू कुठे करायचा हेसुद्धा मला स्वप्नानेच दाखवलं.

वाचनालयं चालवायचा एक प्रोग्राम तिने इंटरनेटवरून फुकट उतरवून दिला होता. तो परदेशातल्या कुणीतरी लोकांनी हौसेने लिहिला होता. कोणीही घ्यावा, कोणीही वापरावा, आणि ज्याला येतं त्याने आत हात घालून बदलावासुद्धा. हे शेवटचं मला तेव्हा फारसं कळलं नव्हतं. चार महिने खपून मी त्यात सहाशे बारा सभासद आणि आठ हजार पुस्तकं भरली. बोटांना घट्टे पडायचे बाकी होते. मला वाटलं, जिंकलं.

जिंकलं कुठलं? त्या प्रोग्रामला एकाच नावाची दोन माणसं चालायची नाहीत. दुसरा आला की प्रोग्राम आपला आपण नावापुढे आकडा लावायचा. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या गावात बहुधा प्रत्येकाचं नाव वेगळं असेल. पापडीत तसं नाही. इथे तीन ऑगस्टीन लोपीस होते, चार मार्सेल होते, आणि त्यातल्या दोघांच्या बापांची नावंही एकच होती. गावातल्या माणसांचा कधी घोळ होत नाही, कारण प्रत्येक घराला एक घरनाव असतं आणि बोलताना तेच चालतं. ते आडनाव नव्हे, कागदावर ते कुठेच नसतं. पण 'झोप्यांचा मार्सेल' म्हटलं की सगळ्यांना कळतं, आणि 'शिट्टीवाल्यांचा मार्सेल' म्हटलं की दुसरा कळतो.

प्रोग्रामने आकडे लावले, मी ते तसेच छापले आणि सगळ्यांना नवी कार्डं वाटली. त्यात आमचे ऑगस्टीन सर झाले 'ऑगस्टीन लोपीस ३'.

ऑगस्टीन सर म्हणजे ज्यांनी हे वाचनालय उभं केलं ते. शाळेतली नोकरी सांभाळून त्यांनी घरोघर फिरून पुस्तकं जमवली होती. पहिल्या रजिस्टरात सभासद क्रमांक एक म्हणून त्यांचंच नाव होतं. मला ह्या खुर्चीवर बसवलं तेही त्यांनीच. तेव्हा कमिटीतल्या अर्ध्या लोकांचं म्हणणं होतं, की विरारहून येणारी बाहेरची बाई कशाला? सर म्हणाले होते, "बाहेरची असली तर शिकेल. आपल्यातली असली तर तिला वाटेल सगळं येतंच." आणि त्यांनी मला शिकवलं. पुस्तक कसं चिकटवायचं इथपासून, परत न देणाऱ्याकडे काय बोलून मागायचं इथपर्यंत.

त्यांचं कार्ड जुनं, फाटकं, म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं आणि सगळ्यांच्या शेवटी भरलं. एवढंच कारण. पण सरांनी नवं कार्ड हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "मी तिसरा?" मी हसत म्हटलं, "सर, कंप्युटरचं ते. त्याला काय कळतंय?" त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. आठ महिने झाले, ते पुन्हा आले नव्हते. मी त्यांच्या घरी गेले तर त्यांची सून चहा द्यायची आणि सर आतल्या खोलीतून बाहेर यायचे नाहीत.

त्या आठ महिन्यांत माझं कशातही लक्ष नव्हतं. दारात कोणी उंच, सडपातळ दिसलं की मी खुर्चीतून अर्धी उठायची. मला सर परत हवे होते, बाकी काही नको होतं. म्हणून तर स्वप्नाच्या सीडीने मी एवढी हरखले.

तिने तोच फुकटचा प्रोग्राम घेऊन खास आमच्यासाठी बदलला होता. सगळ्या सूचना मराठीत. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत बरोबर क्रम. आकडे गेले होते, आणि नाव, आडनाव, पत्ता ह्यांच्यानंतर एक नवा रकाना आला होता. त्यावर लिहिलं होतं 'घरनाव'. मी एकदा कधीतरी तिच्यापुढे रडगाणं गायले होते, ते तिने लक्षात ठेवलं होतं. तिला मोबदला नको होता. आपण लिहिलेलं काही ऑफिसाच्या बाहेर, ओळखीच्या माणसांत चालताना बघायची तिला हौस होती.

"पण ताई, एक सांगते," ती म्हणाली. "मूळ प्रोग्राम लिहिणारे दरवर्षी त्यात सुधारणा करतात. त्या तुम्हाला आत्ता आयत्या मिळतात. ह्यावर त्या आपोआप बसणार नाहीत, हाताने बसवाव्या लागतील. आणि एकदा जुना काढून टाकला की परत त्यावर जाता यायचं नाही. आठवडाभर दोन्ही ठेवा आणि मग ठरवा."

आमचे अध्यक्ष सदानंदभाऊ हे ऐकून खूश झाले, कारण त्यांना नाही म्हणायला कारण मिळालं. सदानंदभाऊ वाईट नव्हते. फक्त कुठलीही गोष्ट चालू असली की ती तशीच चालू राहावी असं त्यांना मनापासून वाटायचं.

"फुकटचा आहे, चालतोय, सगळं जग वापरतंय," ते म्हणाले. "आपल्यालाच वेगळा कशाला?"

"भाऊ, तयार ब्लाऊज आणि शिवून घेतलेला ब्लाऊज ह्यात फरक असतो," मी म्हटलं.

"आणि शिंपी गाव सोडून गेला तर?"

 मी आवाज चढवला, जे मुद्दा संपला की मी नेहमीच करते. शेवटी ठरलं, की रविवारी सकाळी कमिटी बसेल आणि तोपर्यंत माझा आठवडा.

आठवडा कसला, मला तीन दिवस पुरले. वाचनालयात पुस्तकं बांधायला आणि कपाटं लावायला मार्सेल होता. पन्नाशीचा, गावातला, झोप्यांचा. मी त्याला शेजारी बसवलं आणि एकेक नाव वाचत गेले. तो घरनाव सांगायचा, मी टाईप करायची. एखादं घरनाव कसं पडलं तेही तो सांगायचा. झोपे का, तर त्याचा पणजोबा चर्चमध्ये मिस्सेला बसल्याबसल्या घोरायचा. भोपळे का, तर त्यांच्या अंगणात एकदा म्हणे एवढा भोपळा झाला, की तो दारातून आत जाईना. मी हसून हसून टेबलावर डोकं टेकत होते. नऊ वर्षं ही नावं कानावर पडत होती, पण अशी उलगडून कोणी सांगितली नव्हती. सहाशे बारा सभासदांच्या घरांचा इतिहास माझ्या बोटांतून आत जात होता आणि मला वाटत होतं, आता मी ह्या गावची झाले.

"ऑगस्टीन सर?" मी विचारलं.

मार्सेलने पंख्याकडे बघितलं. "करपे," तो म्हणाला. "पन बाय, कशाला..."

मी टाईप करून पुढे गेलेसुद्धा.

शनिवारी संध्याकाळी, कमिटीला दाखवायला म्हणून, मी नव्या प्रोग्रामवर पहिली यादी छापली. मुदत संपूनही पुस्तक परत न दिलेल्यांची यादी आम्ही दर महिन्याला दारावरच्या फलकावर लावतो. पूर्वी त्यातले अर्धे लोक म्हणायचे, तो मी नव्हे, तो दुसरा मार्सेल. आता बिशाद होती कुणाची? नाव, आडनाव आणि कंसात घरनाव. त्रेचाळीस नावं, सुबक मराठी अक्षरात. सातव्या ओळीत सर होते, कारण रागावून गेले तेव्हा त्यांच्याकडे आमचं एक पुस्तक राहिलं होतं. 'ऑगस्टीन लोपीस (करपे)'. तीन नाही, काही नाही. मला वाटलं, कोणीतरी त्यांना जाऊन सांगेल आणि ते सुखावतील. मी चार टाचण्या लावल्या, कुलूप घातलं आणि गाणं गुणगुणत घरी गेले.

रविवारी सकाळी पोचले तर फलकापुढे पन्नासएक माणसं. चर्चमधून सुटलेली थेट इथे आली होती, आणि बाजारातून परतणारी त्यांना बघून थांबली होती. मला खरंच वाटलं, हे सगळे कौतुक करायला जमलेत. मी पदर सारखा केला.

"बाय, हे कोनी लावलं?" हंसाने विचारलं. हंसा म्हात्रे, खाडीकडच्या शेतकरी घरातली, माझी चांगली वाचक. एरवी माझ्यासाठी वालाच्या शेंगा आणणारी. तिचा चेहरा लाल झाला होता. "आमच्या आजेसासऱ्यांना लोक मागून काय बोलतात ते आमाला ठाव हाय. पन आमच्या दारात येऊन कोनी बोललं नाय आजवर. तुमी भिंतीवर लावलं."

तिच्या नावापुढे कंसात होतं, 'रडके'.

मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. घरनाव सगळ्यांना ठाऊक असतं, सगळे ते वापरतात, पण त्या घरच्या माणसासमोर नाही. आणि लिहीत तर कोणीच नाही. मी नऊ वर्षं ऐकत होते, पण ते नेहमी तिसऱ्याच माणसाबद्दल बोलताना, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी मार्सेलकडे बघितलं. तो आभाळाकडे बघत होता. बिचाऱ्याने मला सांगायचा प्रयत्न केला होता, पण मी ऐकून घेतलं तर ना.

सदानंदभाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आत्ताच्या आत्ता जुना चालू करा." मी यादी फाडायला हात वर केला. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "थांब. माझं वाचून व्हायचंय."

ऑगस्टीन सर होते. आठ महिन्यांत थोडे वाकले होते. माणसं बाजूला झाली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्या ओळीपासून त्रेचाळिसाव्यापर्यंत यादी वाचली. सातव्या ओळीवर ते बाकीच्या ओळींएवढेच थांबले.  मला वाटलं, आकड्यामुळे आठ महिने गेले, आता ह्यामुळे जन्म जाईल.

"तीन काढलास," ते म्हणाले.

"हो, सर."

"आणि हे कुणाला विचारून घातलंस?"

"कुणालाच नाही. चुकलं माझं." हे शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाहीत. त्या दिवशी सहज निघाले.

सर लोकांकडे वळले. शाळेत उभे राहायचे तसे. "माझ्या आजोबांनी मोठ्या बहिणीच्या लग्नात भाताचा हंडा चुलीवर ठेवला आणि बँडवाल्यांबरोबर नाचायला गेले. चारशे माणसांचा भात करपला. हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय. तुम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. मग लपवत कोणापासून होतो?" आणि मला म्हणाले, "घरनाव दुसरे पाडतात. पण लिहायचं असेल तर ज्याचं त्याने लिहायचं. तुझ्या मशीनला तेवढं कळतं का?"

मी स्वप्नाकडे बघितलं. ती कमिटीसाठी आली होती आणि एका कडेला पांढरीफटक उभी होती. माझ्याइतकीच तिला ह्या रिवाजाची कल्पना नव्हती. पण प्रश्न ऐकला आणि तिचे डोळे चमकले.

"कळत नाही," ती म्हणाली. "पण शिकवता येईल. आत्ता. इथेच."

आणि मग जे झालं ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. अख्खी गर्दी आत आली. स्वप्नाने प्रोग्राम उघडला, म्हणजे वरचा नव्हे, आतला, ज्यात नुसत्या ओळीच्या ओळी असतात. मला वाटलं ती खुर्चीवर बसेल. तिने मला बसवलं.

"तुम्ही करा, ताई. मी सांगते. ही ओळ बघा, इथे तो घरनाव छापतो. ह्याच्या आधी आपण एक अट घालायची."

तिने सांगितलं तसं मी एकेक अक्षर दाबलं. पहिल्यांदा चुकलं आणि पडद्यावर लाल अक्षरात काहीतरी आलं.  स्वप्नाने एक विसरलेला कंस दाखवला. तो घातला. आणि सभासदाच्या पानावर, घरनावाच्या शेजारी, एक प्रश्न उगवला: 'छापायला परवानगी?' खाली हो आणि नाही. 'नाही'वर आधीपासून टिंब. मी लिहिलेला प्रश्न. शेहेचाळिसाव्या वर्षी, फुलपाड्याच्या बाईने, इंग्रजी ओळींच्या मधोमध. मी लहान मुलीसारखी हसत होते.

मग मी उजळणी केली, वहीत सगळं उतरवून घेतलं आणि सदानंदभाऊंसमोर वही धरली. "शिंपी गाव सोडून गेला तर टाके मला येतात, भाऊ."

भाऊंनी वही उलटसुलट करून बघितली. त्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नसावं. "जुन्यात हे झालं नसतं?" त्यांनी स्वप्नाला विचारलं.

"जुनाही असाच उघडता येतो. पण तो सगळ्या जगाचा. त्याच्या आयत्या सुधारणा हव्या असत्या तर घरनाव घाला म्हणून मूळ लिहिणाऱ्यांनाच पत्र लिहावं लागलं असतं, आणि त्यांना आधी घरनाव म्हणजे काय ते समजावावं लागलं असतं."

"मग मरू दे तो," भाऊ म्हणाले. कमिटीची सभा एवढ्या थोड्या वेळात संपलेली ती पहिलीच.

सगळी घरनावं मी पुसून टाकली. तीन दिवसांचं काम एका बटणासरशी गेलं, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही. पहिले सर पुढे आले. त्यांना खुर्ची दिली. त्यांनी एका बोटाने शोधून शोधून 'करपे' टाईप केलं. त्याला पाच मिनिटं लागली आणि मागची रांग हूं की चूं न करता उभी राहिली. परवानगी विचारल्यावर त्यांनी हो दाबलं. मग खांद्यावरच्या पिशवीतून आमचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे वाचून झालंय. दुसरं दे." माझा जीव भांड्यात पडला. मी लगेच कपाटाकडे वळले, कारण डोळ्यांत पाणी आलेलं कोणाला दिसायला नको होतं.

सगळ्यांनी काही घरनाव दिलं नाही. कोणी रकाना रिकामाच ठेवला, कोणी लिहून नाही दाबलं, एकाने आपल्याला घरनावच नाही असं सांगितलं तेव्हा मागचे खाकरले. मार्सेलने झोपे लिहून ऐटीत हो दाबलं. हंसा बराच वेळ दाराशी उभी होती. मग पुढे आली.

"रडके लिवा," ती म्हणाली. "बैल विकला तवा रडले ते. चोरी नाय केली."

दुपार झाली, गर्दी पांगली, आठदहाजण उरले. सर पुन्हा खुर्चीत येऊन बसले ते उठेनात. पडद्यावर बोट फिरवत ते एकेक पान बघत होते. 'ज'पाशी येऊन थांबले.

"तुझा रकाना रिकामा आहे, जयवंती."

"माझं कुठलं घरनाव, सर? मी गुहागरची, तिथून फुलपाड्याची. बाहेरची."

 हंसा खिडकीकडे बघायला लागली, मार्सेलने एक पुस्तक उचललं आणि उलटं धरून वाचायला लागला. सर मिशीत हसत होते. सकाळपासून मी एवढं तरी शिकले होते, की पापडीत माणसं अशी दुसरीकडे कधी बघतात.

"सांगा," मी म्हटलं. "आत्ता सांगा. कोण काय म्हणतं मला?"

"धावरीन," शेवटी हंसाच बोलली. "पहिल्या साली तुमी त्या सायकलवाल्याच्या मागं धावला नाय का, पुस्तक घेऊन पळाला तो? चप्पल हातात घेऊन, भर बाजारातनं, तलावापत्तर. तवापासनं सगळे धावरीनच बोलतात. धावरीनकडं जाऊन येतो. धावरीन आज तापलीय."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं," सर म्हणाले.

मला आधी राग आला, हे खोटं कशाला सांगू? नऊ वर्षं हे लोक माझ्या पाठीमागे हसत होते. आणि मग एका क्षणात कळलं, की बाहेरच्या माणसाच्या पाठीमागे कोणी एवढं करत नाही. मी ह्या गावची व्हायला नऊ वर्षं धडपडत होते, आणि मी ते पहिल्या वर्षीच झाले होते. फक्त माझ्या तोंडावर कोणी सांगितलं नव्हतं, कारण तोंडावर सांगायचं नसतं.

मी सरांना उठवलं, खुर्चीत बसले आणि माझ्या रकान्यात टाईप केलं. प्रोग्रामने विचारलं, छापायला परवानगी? मी हो दाबलं.